दोघींची सारखी ओळ

गालिचा विणतात असं सगळे म्हणतात. विणणं त्यात निम्मंच असतं, उरलेलं ठोकणं असतं. उभ्या ताणलेल्या दोऱ्यांवर, म्हणजे ताण्यावर, लोकरीच्या गाठींची एक ओळ पुरी झाली की तिच्यावरून आडवा दोरा घालायचा आणि पंज्यानं तो ठोकून खाली बसवायचा. पंजा म्हणजे लोखंडी दातांची जड फणी. गाठीला बोटं पुरतात, पंज्याला अख्खं अंग लागतं. मनगटातून मारणारी बाई थोड्याच वर्षांत घरी बसते. खांद्यातून मारणारी टिकते. थोरली खांद्यातून मारायची, म्हणून साठी उलटली तरी ती मागावर होती.

थोरली म्हणजे त्या घरातली थोरली जाऊ. तिच्या उजव्या बाजूला फळीवर बसायची ती धाकटी, तिच्या दिराची बायको. दीर ट्रक चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. थोरलीचा नवरा रंगारी. लोकर रंगवायच्या कारखान्यातून तो केव्हाच निवृत्त झाला होता, पण त्याची निळी नखं अजून कामावर होती. तो मागासमोरच्या खाटेवर बसून चहा मागायचा आणि न मागता मतं द्यायचा.

गोदामात या दोघींचा माल 'जावांचा गालिचा' म्हणून वेगळा ठेवत. कारण नक्षी नव्हे. नक्षी सगळ्यांना तीच मिळे. कारण हे की त्यांचा गालिचा जमिनीवर टाकला की चारही कोपऱ्यांनी गप्प पडून राहायचा. एकही कोपरा डोकं वर काढत नसे.

"दोन जावा आणि गालिच्यात एक सुरकुती नाही," मुकादम म्हणायचा. गोदामातून लोकर आणि नक्षीचा कागद आणून देणारा आणि तयार माल नेणारा तो. "घरात काय चालतं कोण जाणे."

"घरातलं सगळं पंज्यावर काढतो," थोरली म्हणायची. "म्हणून तर घट्ट बसतो."

खोली लांबट, खिडकी एकच, आणि खिडकीशी माग. दोन खांब, वर एक तुळई, खाली एक. न विणलेला ताणा वरच्या तुळईवर गुंडाळलेला असे आणि विणून झालेला भाग खालच्या तुळईवर गुंडाळला जाई. त्यामुळे डोळ्यांसमोर असायचा तो फक्त हातभर गालिचा. आधीचं सगळं गुंडाळीत, पुढचं सगळं कागदावर. कागदावरही नक्षी अर्धीच काढलेली, कारण डावं-उजवं सारखंच. एकीनं मोठ्यानं वाचायचं, "दोन लाल, एक काळी, पाच लाल, पुढची निळी," आणि दोघींनी बांधायचं. थोरली डाव्या किनारीकडून मध्याकडे, धाकटी उजव्या किनारीकडून मध्याकडे. एक दिवस एकीचा घसा, दुसऱ्या दिवशी दुसरीचा.

थोरली मागावर बसली ती पोरवयातच, मावशीच्या घरी. लहान बोटांना बारीक गाठ येते असं तेव्हा सगळेच म्हणायचे. लहान बोटं दुखतातही, असं कुणी म्हणत नसे. मावशी तोंडानं शिकवायची नाही. पोरीची बोटं धरायची, लोकरीचा एका दोऱ्याला पुरा वेढा घालायची, शेजारच्या दोऱ्यामागून टोक पुढे काढायची, खाली ओढून सुरीनं कापायची. चुकलं की त्याच सुरीची मूठ बोटांवर. पोर रडली नाही. रडलं की डोळे पुसायला हात लागतात आणि हात तर गुंतलेले.

लग्न जमलं तेही मागामुळेच. तिच्या बापानं मुलाच्या घरात आल्या आल्या मागाचे खांब हलवून पाहिले, तुळईवरून हात फिरवला आणि होकार दिला. "मला कुणी पाहिलंच नाही," रंगारी अजून सांगतो. "मागाला पाहून गेले. मी तेव्हा आत आंघोळ करत होतो."

"बरं झालं," थोरली म्हणते. "बाहेर असतास तर मोडलं असतं."

सासूही मागावरचीच. तिचा एकच नियम होता आणि त्यावर कुणाचं काही चालत नसे. दुसरीच्या अर्ध्याला हात लावायचा नाही. गाठ चुकली तर जिची तिनं सोडवायची. एक मागे पडली तर दुसरीनं थांबायचं. पंजा जिचा तिनं मारायचा. "बाकी सगळं वाटून घ्या," ती सुनांना म्हणायची, "साबणसुद्धा. आपलं अर्धं वाटून घ्यायचं नाही." तिचं म्हणणं असं की एकदा दुसरीचा हात आपल्या अर्ध्यात शिरला की चूक कुणाची हे कळत नाही, आणि ते कळलं नाही की भांडण संपत नाही.

मग सासूचे डोळे गेले आणि ती मागावरून उठली. कोपऱ्यात बसून लोकरीचे गोळे वळायची आणि थोड्या थोड्या वेळानं विचारायची, "कुठवर आलं?" सुना आधी नीट सांगायच्या, अमुक फूल झालं, तमुक पान लागलं. पुढे नुसतं "चाललंय" म्हणायला लागल्या. पुढे पुढे उत्तर द्यायचंही राहून जाऊ लागलं, आणि म्हातारीनं विचारणं सोडलं. थोरलीला मरणाची धास्ती नव्हती, त्या कोपऱ्याची होती. मागावरून उठलेली बाई घरात असते, पण कशातच नसते. काहीही होवो, आपण फळीवरून उठायचं नाही एवढंच तिच्या मनात होतं.

मुकादमाला जुन्या गोष्टी सांगायची भारी हौस. लोकर उतरवून झाली की तो खाटेच्या कडेवर टेकायचा आणि सुरू व्हायचा. कुठल्याशा थंड मुलखात बर्फात गाडलेल्या थडग्यात एक गालिचा सापडला, दोन हजार वर्षांहूनही जुना. किनारीवर घोडेस्वार, त्याच्या आत हरणं, आणि गाठी अशा की आजच्या बाईनं तोंडात बोट घालावं.

"तेव्हाही दोन जावाच बसल्या असतील," धाकटी म्हणाली. "आणि नाव झालं घोडेस्वारांचं."

मुकादम हसला आणि पुढे गेला. मेंढ्या घेऊन फिरणारे लोक जमिनीवर खुंट्या ठोकून माग लावायचे. चारा संपला की अर्धा विणलेला गालिचा मागासकट गुंडाळून जनावरावर टाकायचे आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा खुंट्या ठोकायचे. ताण कमीजास्त व्हायचा, म्हणून त्यांचे गालिचे कुठे रुंद, कुठे अरुंद. जाणकार माणूस नुसती किनार पाहून सांगतो, इथे मुक्काम हलला. पुढे राजवाड्यांत मोठमोठे माग लागले, चित्रकार नक्षी काढून देऊ लागले. मग व्यापारी आले, चौकटींचे कागद आले. डब्यातले रंग आले, त्यातले पहिले पहिले तर एका धुण्यात पळून जायचे.

"पळून नाही जायचे, शेजारी जायचे," रंगाऱ्यानं दुरुस्ती केली. "लाल पांढऱ्यात घुसायचा. मी पाहिलंय."

"आणि आता यंत्रं," मुकादम म्हणाला. "सकाळी लोकर घाला, दुपारी गालिचा."

"यंत्राचा अंगठा दुखतो का हो?" थोरलीनं विचारलं. सगळे हसले. तिनं मात्र ते हसवण्यासाठी विचारलं नव्हतं.

तिच्या उजव्या अंगठ्याचं मूळ सुजायला लागून बरेच महिने झाले होते. सकाळी पेला धरला की कळ थेट कोपरापर्यंत जायची. गाठीला फारसा त्रास नव्हता. गाठ पहिल्या दोन बोटांवर आणि सुरीच्या टोकाला असलेल्या आकड्यावर निघते. त्रास पंज्याचा. मूठ आवळली की अंगठा सुटायचा, आणि अंगठा सुटला की खांद्यातला जोर पंज्यापर्यंत पोचायच्या आधीच वाटेत सांडायचा. तिनं मुठीला चिंधी गुंडाळून पाहिली. तेल चोळून पाहिलं. कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

एकदाच, हिवाळ्याच्या तोंडाशी, तिला आपली बाजू वर आलेली दिसली. सैल ठोकलेल्या ओळी उंच बसतात. तेवढ्याच ओळी, पण जागा जास्त खातात. डावीकडची कड उजवीकडच्यापेक्षा बोटभर वर. रात्रभर तिनं कूस बदलली. पुढच्या दिवसांत ती डोळ्यांत तेल घालून कडेकडे पाहत राहिली. आणि कड हळूहळू सरळ झाली. पुन्हा डावं-उजवं एका रेषेत. थोरलीनं सुस्कारा सोडला. म्हणजे थंडीनं हात आखडला होता, दुसरं काही नाही. दुखतंय, पण जोर आहे. ओळ खोटं बोलत नाही.

त्यानंतर तिचा आवाजही जरा चढला. धाकटी कधी दमून मान मोडायला लागली की थोरली म्हणायची, "काय गं, माझ्याएवढी झालीस का? मी बघ, बरोबरीनं ठोकतेय."

"तुमचं काय बाई, तुम्ही लोखंडाच्या," धाकटी म्हणायची आणि कागदात डोकं घालायची.

गालिचा मोठा होता, मधोमध मोठा थोरला चांद. चांद म्हणजे गालिच्याच्या पोटातली गोल नक्षी. ती अर्धी झाली की तोच कागद उलटा लावून वरचा अर्धा विणायचा. वरचा अर्धा संपत आला तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. त्या दिवशी विणलेला भाग खाली गुंडाळून नवा ताणा वरून सोडायचा होता. हे काम जड. पाचरी ठोकून काढायच्या, पहारीनं तुळई फिरवायची, ताणा सारखा उतरतोय का पाहायचं. धाकटी पहारीवर होती. थोरली स्टुलावर चढून वरच्या तुळईवर हात फिरवत होती, आणि तिचा हात थांबला.

"किती राहिलंय गं कागदावर?"

"चांदाचं टोक, वरचं मैदान, मग किनार," धाकटी खालून म्हणाली.

"एवढं सगळं? आणि ताणा एवढाच?"

तुळईवर दोऱ्यांचे वेढे फारच थोडे उरले होते. ताणा माग लावतानाच मोजून घातलेला असतो, तो मध्येच वाढत नाही. थोरलीनं पुन्हा हात फिरवला. मैदान, म्हणजे चांद आणि किनार यांच्यामधली जागा, होईल, किनार बसणार नाही.

"मुकादमानं आखूड घातला असेल," रंगारी खाटेवरून म्हणाला.

"ताणा मी घातलाय," थोरली म्हणाली. "मुकादम नुसता चहा पीत होता." ती स्टुलावरून उतरली. "खालचं सगळं उलगडा."

"सगळं? ताई, अहो, पुन्हा ताणायला अख्खा दिवस जाईल."

"जाऊ दे."

धाकटीचा चेहरा उतरला. थोरलीला वाटलं, कामाच्या विचारानं. दोघींनी ताण सैल केला, खालची तुळई उलटी फिरवली, आणि महिन्यांमागून महिने गुंडाळीत गेलेला गालिचा पहिल्यांदाच जमिनीवर आला. लोकरीची धूळ उडाली. रंगारी खाटेवरून उठून पाहायला आला, आणि तो उठला म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

चांदाचा खालचा अर्धा गोल होता, परकारानं काढावा तसा. वरचा अर्धा लांबत, निमुळता होत गेला होता.

"अंडं आहे हे," रंगारी म्हणाला. "चांद म्हणून सुरू केलं आणि कोंबडीनं पुरं केलं."

थोरली गुडघ्यांवर बसली. तिनं गालिचा उलटा केला, कारण गालिच्याचं खरं मागच्या बाजूला असतं. पुढे लव, म्हणजे गाठींच्या कापलेल्या टोकांचा मऊ थर, सगळं झाकते. चांदाच्या मध्यापासून ती नख टेकवत वर वर गेली. आधी आपल्या डाव्या बाजूनं. बोटाच्या पेरात बसणाऱ्या ओळी हळूहळू विरळ होत गेल्या होत्या. इतक्या हळूहळू की कुठे सुरुवात झाली ते सांगता येऊ नये. माणूस म्हातारं होतं तसं. मग ती उजव्या बाजूला आली. तिथे ओळी घट्ट होत्या, घट्टच होत्या, आणि मग एका ओळीपासून एकदम सैल. ती एक ओळ नखाला पायरीसारखी लागली. पहिल्या काही ओळी तर तिच्याहूनही ढिल्या, बोटभराचं अंतर भरून येईपर्यंत, आणि मग थेट तिच्या बाजूशी बरोबरी. ती जितकी ढिली, तितकीच ही.

थकलेला हात असा एका ओळीत थकत नाही. थोरलीनं नख तिथेच ठेवलं.

"ही ओळ कधीची?"

धाकटी वाकून तुळईवरची धूळ पुसायला लागली.

"थंडीतली ना? माझी बाजू वर आली होती तेव्हाची."

"ताई, मी..."

"तू पंजा हळू मारायला लागलीस. मुद्दाम."

"तुमची बाजू वर आली होती," धाकटी म्हणाली. तिचा आवाज रडवेला नव्हता, नुसता दमलेला होता. "मी काय करणार होते? तुम्हाला सांगायचं, नाहीतर माझी बाजू वर आणायची. सांगणं होईना. नियम होता, तुमच्या अर्ध्याला हात लावता येईना. माझं अर्धं माझं होतं. त्यात केलं."

"सहा-सात वेळा तरी मी तुला टोमणा मारला असेल. मी बरोबरीनं ठोकतेय म्हणून."

"मारलात."

"आणि तू ऐकून घेतलंस."

"ऐकायला काही कष्ट नव्हते. हात आवरायला होते." धाकटीनं आपला खांदा दाबला. "भरल्या हातानं मारायची सवय. मध्येच जोर धरून ठेवायचा आणि रोज तुमच्या बाजूकडे बघून तो तेवढाच धरायचा. पूर्ण मारण्यापेक्षा जास्त दमायला होतं. रात्री हात वर जायचा नाही."

थोरली आयुष्यभर कष्टाचं मोल जाणत आली होती, म्हणून हे ऐकून तिला जास्तच राग आला. कुणी आळस केला असता तर ओरडता आलं असतं. इथे एका बाईनं महिनोन् महिने हाडं झिजवून गालिचा बिघडवला होता, आणि तोही तिच्यासाठी. ओरडायचं तरी कशावर?

"माझी कीव केलीस," ती शेवटी म्हणाली. "गालिच्याची केली असतीस तर बरं झालं असतं."

धाकटी उठून आत गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच यायला लागला.

संध्याकाळी दोघींचंही डोकं थोडं थंड झालं. धाकटीनं चहा आणून ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "एक सुचवू? मैदान थोडं कमी करू. किनार अरुंद घेऊ. ताणा पुरेल. लव कापली, धुलाई झाली की अंडं थोडं लपतं. गोदामात अंथरून कोण बघतंय?"

"अंथरून बघतात."

"बघितलं तर म्हणतील, जावांचा हात बिघडला. दोघींचा. एकीचा नाही."

रंगाऱ्यानं मान डोलावली. "बरोबर बोलतेय ती. दोघींवर वाटलं की ओझं हलकं."

थोरलीनं चहा संपवला. मनात हिशेब सोपा होता. असाच पुरा केला तर तिची जागा राहते. कुणाला काही कळत नाही, आणि पुढचा गालिचाही असाच, दोघींच्या सारख्या ढिल्या हातानं. उसवायचा म्हटलं तर नवी लोकर लागणार, कारण सोडवलेल्या गाठींचे तुकडे पुन्हा बांधता येत नाहीत. नवी लोकर म्हणजे मुकादम. आणि मुकादम म्हणजे सांगणं. सांगितलं की फळी सुटली.

तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी नकळत पुन्हा खांदा दाबत होती. थोरलीला कळलं की असंच चाललं तर फळीवरून दोघी उठतील. आधी ती, आणि मग धाकटी, जिच्या हातात अजून पुष्कळ वर्षं होती.

"उद्या निरोप दे मुकादमाला," ती म्हणाली.

"ताई..."

"दे म्हटलं ना."

मुकादम आला, वाकून पाहिलं आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग म्हणाला, "धुऊन, ओला असताना खिळ्यांवर ओढून थोडं सरळ करता येतं. पण एवढं नाही. एवढं ओढलं तर फाटेल. झालं कसं?"

"माझ्यामुळे," धाकटी घाईनं म्हणाली.

"तू गप्प बैस," थोरली म्हणाली. "माझा हात गेला. अंगठ्यात जोर नाही. मी दडवलं, आणि हिनं मला झाकायला आपला हात सैल केला. लोकर लागेल. मध्यापासून उसवतो."

मुकादमानं डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं. "उसवा. लोकर देतो. पण मग ही जागा..." त्यानं फळीकडे पाहिलं. "माझी भाची आहे. तिचा हात लोखंडी."

"मग लोखंडच ठोकू दे तिला," धाकटी म्हणाली. "मी तिच्याशेजारी बसायची नाही."

"असं कसं? गालिचा कोण पुरा करणार?"

"आम्ही," थोरली म्हणाली. "गाठीला माझा हात चालतो. चालतो म्हणजे पूर्वीसारखाच चालतो, बघा हवं तर. जमत नाही तो पंजा. पंजा ही मारेल. दोन्ही अर्ध्यांवर."

सासू जाऊन किती वर्षं झाली होती, तरी रंगाऱ्यानं उगाच कोपऱ्याकडे नजर टाकली.

"एक बाई दोघींचं ठोकणार?" मुकादम म्हणाला. "मग हिचा खांदा किती दिवस टिकेल? तुमचं काम तिच्या अंगावर टाकताय, थोरल्या बाई."

प्रश्न बरोबर होता. थोरलीनं रात्री अंथरुणात तोच सोडवला होता. "तिच्या अर्ध्यातल्या गाठी मी घेईन. मध्य ओलांडून, जमतील तितक्या. मी बांधत असेन तेवढा वेळ ती हात सोडून बसेल, कागद वाचेल. ठोकायला उठेल. कामाचं वजन सारखं राहील, फक्त वेगळं वाटलेलं."

"उशीर होईल."

"होईल."

मुकादमानं उसासा टाकला. "हा गालिचा करा. पुढच्याचं पुढे बघू. मी शब्द देत नाही."

"मी मागितला नाही," थोरली म्हणाली.

उसवणं हे बांधण्यापेक्षा कठीण काम. बांधताना निदान काही वाढताना दिसतं. आडवा दोरा एकेक करून कापायचा, ओढायचा, ताण्याला धक्का लागू द्यायचा नाही. मग ओळीतल्या गाठी सुरीच्या टोकानं उकलायच्या. लोकरीची कुसळं नाकात जातात, डोळ्यांत जातात. दोघी शिंकत होत्या. रंगाऱ्यानं नाकाला रुमाल बांधला आणि कधी नव्हे ते खाली बसून लाल, निळे, काळे तुकडे वेगळे करू लागला.

"हा लाल कुणी रंगवलाय?" तो रुमालातून म्हणाला. "माझ्या हातून असा लाल निघाला असता तर मी नोकरी सोडली असती."

"सोडलीसच की," थोरली म्हणाली. धाकटीला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं, आणि लगेच शिंकही आली.

पायरीसारख्या त्या ओळीपाशी आल्यावर धाकटीनं सुरी क्षणभर थांबवली. थोरलीनं पाहिलं आणि ताणा हातानं धरून ठेवला. धाकटीनं दोरा कापला आणि ओढून काढला. त्याच्याही खाली, चांदाच्या मध्यापर्यंत त्या गेल्या, कारण थोरलीची बाजू त्याच्याही आधीपासून सैल होती. ते कबूल करायला तिला कुणी भाग पाडलं नव्हतं. नखानं मोजून तिनंच सांगितलं, "इथवर."

मग पुन्हा ताण दिला. पाचरी ठोकल्या. फळी नीट केली. नवी लोकर वर टांगली. पहिली ओळ थोरलीनं आपल्या किनारीपासून सुरू केली, मध्यावर पोचली आणि मध्य ओलांडून पुढे बांधत राहिली. इतक्या वर्षांत ती त्या दोऱ्यांना कधी शिवली नव्हती. बोटं जरा अडखळली, मग चालू लागली. धाकटीनं आपल्या किनारीकडून उरलेल्या गाठी पुऱ्या केल्या आणि आडवा दोरा घातला.

उजवी बाजू तिनं ठोकली. खांद्यातून, भरल्या हातानं. खांब हादरले. किती दिवसांनी तो आवाज या खोलीत आला होता. मग ती फळीवरून सरकत डावीकडे आली. थोरलीला मागे व्हावं लागलं, पाठ जवळजवळ खांबाला टेकली. अंगानं भरलेल्या दोन बायका आणि एक फळी. नियम करणारीनं या अडचणीचाही विचार केला असेल कदाचित.

"सरकता का जरा?"

"कुठे सरकू, खिडकीबाहेर?"

धाकटीनं पंजा उचलला आणि थोरलीच्या अर्ध्यावर मारला. हलकाच. जिवावर आल्यासारखा.

थोरलीनं कडेवर नख टेकवलं. "परत."

धाकटीनं मारला. अजून हलका.

"अगं, कुणाची पाठ थोपटतेयस? ती मी नाही. लोकर आहे. मार."

या वेळी पंजा असा बसला की मागाच्या डोक्यावरची धूळ दोघींच्या केसांत पडली. धाकटीनं दुसऱ्यांदा मारला, तिसऱ्यांदा मारला, डाव्या किनारीपर्यंत गेली आणि धापा टाकत थांबली. थोरलीनं पुन्हा नख टेकवलं. डावीकडे, मग उजवीकडे.

"बसली का?" धाकटीनं विचारलं.

"बसली," थोरली म्हणाली. तिला जे वाटायचं ते वाटून गेलं, त्याला वेळ नव्हता. "तू जरा खांदा सोड. वाच पुढची."

धाकटीनं पंजा फळीवर ठेवला, कागद ओढून घेतला आणि श्वास जागेवर यायच्या आधीच वाचायला लागली.

"चार लाल, एक काळी..."

"हळू वाच," थोरली म्हणाली. "मला आता तुझ्याही बांधायच्यात."